मराठी चर्चची वेबसाइट: तंत्रज्ञान कसं निवडावं आणि मजकूर कसा चढवावा

चर्चची वेबसाइट करायची ठरली की तरुण संघातली मुलं नव्या फ्रेमवर्कची नावं घेतात आणि बाहेरचा व्हेंडर सरकत्या फोटोंचं तयार टेम्प्लेट दाखवतो. खरा प्रश्न दोघांकडेही नसतो. रविवारची उपासना नऊऐवजी साडेआठला होणार, हे शनिवारी संध्याकाळी ठरलं, तर साइटवरची वेळ कोण बदलणार? तंत्रज्ञान या उत्तरावरून निवडायचं. लोक साइटवर येतात ते उपासनेची किंवा मिस्साची वेळ पाहायला, पाळकसाहेबांचा किंवा फादरांचा नंबर शोधायला, बाप्तिस्म्याच्या दाखल्याला काय कागद लागतात ते विचारायला आणि गीतांचे शब्द वाचायला. हे ताजं आणि बरोबर असेल तर लोक पुन्हा येतात. सरकत्या फोटोंसाठी कोणी दुसऱ्यांदा येत नाही.

पायरी १: आधी माणूस ठरवा

पास्टरेट कमिटीच्या किंवा पॅरिश कौन्सिलच्या सभेत दोन नावं लिहून घ्या. दोघंही गावातच राहणारे हवेत, शिकायला परगावी जाणारा विद्यार्थी नको. ते मोबाइलवर मराठी टाइप करतात का, एवढं पाहा.

पायरी २: तीनांतलं एक निवडा

मंडळी लहान असेल, चार-पाच पानं पुरत असतील आणि तांत्रिक माणूस कोणी नसेल, तर गूगल साइट्स, म्हणजे गूगलचं साइट बनवायचं साधन. फुकट आहे, हॅक होण्याची धास्ती नाही, स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, जोडता येतं. दिसायला साधं आहे आणि ते चालतं.

दर आठवड्याला सूचना, प्रवचनं, गीतं चढणार असतील तर स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर) वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं आणि मजकूर चढवायचं सॉफ्टवेअर. ते २००३ पासून आहे आणि जगातल्या सुमारे चाळीस टक्के साइट्स त्यावर चालतात, म्हणजे आजचा माणूस गेला तरी ते जाणणारा दुसरा मिळतो. प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जास्तीच्या सोयी, मात्र मोजके ठेवा. वर्डप्रेसच्या साइट्स बहुतेक वेळा जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनमधूनच फुटतात. ‘चर्चसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या थीमसोबत (साइटच्या तयार रूपासोबत) प्लगइनचा ढीग येतो. ती घेऊ नका. वर्डप्रेससोबत मिळणारी साधी थीम घ्या.

ह्यूगोसारख्या साधनाने केलेली स्टॅटिक साइट, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या पानांची साइट, सर्वांत वेगवान आणि सुरक्षित असते, पण वेळ बदलायला फाइल उघडून पुन्हा साइट बांधावी लागते. हे काम आनंदाने करणारे दोघं मंडळीत असतील तरच त्या वाटेला जा. आणि जिथून मजकूर बाहेर काढता येत नाही अशा बंदिस्त बिल्डरवर (साइट बनवून देणाऱ्या भाड्याच्या सेवेवर) काहीही बांधू नका, महिन्याचं भाडं कितीही कमी असो.

पायरी ३: मराठी मजकूर, म्हणजे खरं काम

आता जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त झगडलो ते सांगतो. या पायरीबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत एक ओळ नसते आणि मराठी चर्चची साइट नेमकी इथेच मरते.

चर्चचं मासिक पत्रक, वार्षिक अहवाल, गीतांची पुस्तिका, शताब्दीची स्मरणिका हे सगळं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडलेलं असतं. या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मजकूर साइटवर चिकटवला की नुसता कचरा दिसतो. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘पानाचा फोटो टाका, नाहीतर पीडीएफ टाका.’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. फोटोतला मजकूर मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावा लागतो, दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडर तो नीट वाचून दाखवेल याचा भरवसा नसतो आणि गीताची पहिली ओळ गूगलवर शोधणाऱ्याला तो सापडण्याची खात्री नसते. जुन्या फॉन्टच्या पीडीएफचीही तीच गत.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करताना साठते तशी खरी देवनागरी अक्षरं आत हवीत. स्मरणिकेसारखा मोठा असेल तर प्रेसकडून पीडीएफ घेऊ नका, मूळ पेजमेकर किंवा कोरलची फाइल मागा आणि फॉन्टचं पूर्ण नाव लिहून घ्या. प्रत्येक फॉन्टचं अक्षरकोष्टक वेगळं असतं. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा नसेल तर काही अक्षरं गुपचूप बदलतात. दहा-वीस पानांचंच काम असेल तर कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच नका. छापील पान स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये टाका आणि ते गूगल डॉक्सने उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, नंतर तपासायचं.

तपासणीत कंटाळा केलात तर चर्चच्याच साइटवर चर्चचं नाव चुकेल. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी साठवला जातो. कच्चा कन्व्हर्टर ही अदलाबदल करत नाही आणि ‘चर्च’चं ‘चचर्’ होतं, ‘प्रार्थना’ची ‘प्राथर्ना’, ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’, ‘स्वर्गीय’चं ‘स्वगीर्य’. पहिल्या वेलांटीचं उलट आहे. ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी टाइप होते, म्हणून जोडाक्षरावर घसरते. ‘ख्रिस्त’ हा शब्द ‘खि्रस्त’ असा मोडून पडलेला मी चालू साइट्सवर पाहिला आहे. उपासना करणाऱ्या मंडळीच्या पानावर हे नाव तरी मोडकं असू नये.

सगळा मजकूर एका फाइलमध्ये घ्या आणि तीन शोध घ्या. पहिला: वेलांटीला लागून हलन्ताचं चिन्ह (्). शुद्ध मराठीत हा क्रम कधीच येत नाही, सापडेल तिथे दुरुस्त करा. दुसरा: शब्दाच्या शेवटी ‘र्’. चचर्, धमर्, सवर्, पूणर् सगळे इथे सापडतात. तिसरा: ‘र्या’. ‘तारणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द ‘तारणार्या’, ‘दुसर्या’ होऊन बसलेले असतात, पण ‘कार्या’, ‘सूर्या’ बरोबरच असतात. म्हणून इथे एकगठ्ठा बदल करायचा नाही, एकेक शब्द पाहायचा. शब्दाच्या मधले रफार मात्र वाचूनच सापडतात. हे वाचन मंडळीतल्या निवृत्त शिक्षकाकडे द्या. ज्याला गीतं पाठ आहेत त्याला चूक लगेच खटकते.

मजकूर शुद्ध झाला की साइटची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ करा. मग नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. छापील पुस्तकासारखा डौल हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये मथळ्यांच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं, त्याने मराठीची शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

पायरी ४: काय चढवता येतं, काय नाही

आपल्या कायद्यात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणजे त्यांची गीतं निर्धास्त चढवा. हयात किंवा अलीकडच्या रचनाकारांची परवानगी लेखी घ्या. बायबलच्या आजच्या भाषांतरांवर प्रकाशकांचे हक्क आहेत. म्हणून अख्खे अध्याय चिकटवू नका, संदर्भ द्या.

पायरी ५: व्हिडिओ

यूट्यूबवर ठेवा आणि पानात जोडा. लाइव्हची परवानगी सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, म्हणून ती नाताळच्या आदल्या दिवशी मागू नका.

पायरी ६: दान

चर्चच्या खात्याचा यूपीआय क्यूआर पुरे. खातं चर्चच्या किंवा ट्रस्टच्याच नावाचं हवं, खजिनदाराचं वैयक्तिक कधीच नको. परदेशातून पैसे घेणारं बटण कोणी सुचवलं तर आधी ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आहे का ते पाहा. २०१० च्या या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर विदेशी दान फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान यात मोडत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याचं मोडतं. सीएला विचारल्याशिवाय ते बटण लावू नका.

पायरी ७: फोटो आणि किल्ल्या

संडे स्कूलच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. चेहऱ्याखाली मुलाचं नाव आणि शाळा तर कधीच लिहू नका.

डोमेन चर्च ऑफिसच्या ईमेलवर नोंदवा, नूतनीकरणाची तारीख सेक्रेटरीच्या वहीत लिहा आणि पासवर्ड बंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात ठेवा. नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेवर साइटचा पत्ता छापायला देण्याआधी ठरवलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला तुमच्यासमोर, स्वतःच्या मोबाइलवरून, उपासनेची वेळ एकदा बदलायला लावा. जमलं नाही तर छपाई थांबवा आणि पायरी २ पुन्हा पाहा.