गरोदरपणातली साखर तपासणी: या चुका टाळा

‘चार दिवस गोड बंद, जेवणही निम्म्यावर आणलंय,’ असं आमच्या लॅबमध्ये तपासणीचं रक्त द्यायला बसलेल्या बायका मला मोठ्या कौतुकानं सांगतात. रिपोर्ट चांगला यावा म्हणून हा खटाटोप, आणि होतं नेमकं उलटं. चार दिवस पिष्टमय पदार्थ तोडलेल्या शरीरात तपासणीसाठी पाण्यातून एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज गेलं की ते झेपत नाही आणि साखर उगाच चढलेली दिसते. आधीचे तीन दिवस रोजच्यासारखं जेवा. उपाशीपोटीची तपासणी असेल तर रात्री जेवून किमान आठ तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं.

याहून वाईट चूक म्हणजे लपवलेली उलटी. ते गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत संपवायचं असतं, मळमळणारच. सव्विसाव्या आठवड्यातली एकजण पाणी पिऊन बाहेर गेली ती तोंड पुसतच परत आली. ‘उलटी झाली का?’ विचारलं, तर ‘छे!’ सोबतची जाऊ खिडकीबाहेर बघत बसलेली. उपाशीपोटी, तासानं आणि दोन तासांनी रक्त घेतलं, आकडे आले ९०, १०४, ८८ (मिलिग्रॅम/डेसिलिटर). उपाशीपोटी काठावर, पुढे सगळं सपाट. असा आलेख निरोगी बाईचाही येतो, त्यामुळे यंत्राला काही वावगं वाटत नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा जाऊच म्हणाली, ‘सांग ना गं, सगळं बाहेर पडलं म्हणून.’ पुन्हा सुया टोचून घ्यायच्या नव्हत्या, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी परत केली, तर तासाभराचा आकडा १९६. मर्यादा उपाशीपोटी ९२, तासानं १८०, दोन तासांनी १५३, आणि यातला एकही आकडा गाठला की गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान पक्कं. आहारानं भागलं नाही, तिला इन्सुलिन लागलं. आता मी प्रत्येकीला पेला हातात देतानाच सांगते, उलटी झाली तर लगेच बोला, लाजू नका.

इतका आग्रह कशासाठी? आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि पोटाखांद्यावर चरबी धरतं. बाळंतपणात डोकं बाहेर येतं, खांदा अडकतो, हाताच्या नसांना इजा होऊ शकते. नाळ कापल्यावर साखर थांबते पण बाळाचं इन्सुलिन चढलेलंच असतं, म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर घसरते. आईचं बीपी वाढायचा धोका असतो तो वेगळाच.

आता आमच्याच लॅबमधल्या लोकांबद्दल. नव्यानं शिकायला आलेल्यांना घाई भारी. नळ्या टेबलावर साठवायच्या आणि सगळ्या एकदमच यंत्रात लावायच्या. नळीतल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. साखर टिकावी म्हणून नळीत फ्लोराइड घातलंय म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा पूर्ण परिणाम व्हायलाच वेळ लागतो. काठावरची बाई अशानं नॉर्मल ठरते. माझी नळी थेट बर्फात जाते.

पुन्हा बायकांसाठी: दोन वेळा रक्त देण्याच्या मधल्या वेळात फेऱ्या मारू नका, बसून राहा. वेळ पहिल्या घोटापासून मोजा.

एचबीएवनसीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, भागवू नका. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो.

घरचं ग्लुकोमीटर रोज नजर ठेवायला ठीक, निदानाला नाही.

‘मला काही त्रासच नाही’ हे कारण नव्हे, बहुतेकींना नसतोच. सुरुवातीच्या महिन्यांत साखर नॉर्मल आली म्हणून २४ ते २८ आठवड्यांची तपासणीही चुकवू नका. वारेतल्या हार्मोन्सचा जोर तेव्हाच वाढत असतो.

आणि निदान झालेल्या बहुतेकजणी बाळंतपणानंतर फिरकतच नाहीत. ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची असते, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका असतो. बाळाच्या लसींच्या तारखा असतात त्याच कागदावर मी आईची ही तारीख लिहून देते. तो कागद सहसा हरवत नाही.