तंबोरा लावायचा कसा, आणि जवारीच्या दोऱ्याचं काय करायचं

तंबोरा लावायचा म्हटलं की लोक थेट खुंट्या पिळायला लागतात. व्हिडिओंमधे पण तेच, खुंटी फिरवा, ॲपमधला काटा हिरवा झाला की झालं म्हणे. तेवढ्यानं काही होत नाही. स्वर येतो पण तंबोरा बोलत नाही, आणि मुका तंबोरा घेऊन रियाज करण्यात काही अर्थ नाही. नागपुरात त्यात अजून कूलरची भानगड आहे, ती शेवटी सांगतो.

आधी वाद्य समजून घ्या. आपल्याकडचे बहुतेक चांगले तंबोरे मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घरातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि तिथून सतारमेकरांची अख्खी गल्लीच उभी राहिली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातले, लाकूड तुणीचं. 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. या कारागिरांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती. ती वरून सपाट दिसते पण तिला अगदी हलका उतार असतो, तार त्या उतारावर घासत घासत कंप पावते आणि त्यातूनच तो झणत्कार निघतो. हीच जवारी.

आता लावणं. घोडीच्या खाली प्रत्येक तारेत ओवलेला मणी असतो, ते सगळे मधोमध आणून ठेवा. पट्टी ठरवा (पुरुषांची साधारण काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच), पेटीवर सा धरा. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, सा ला. मग शेवटची पितळेची खर्जात, म्हणजे खालच्या सा ला. मग पहिली पंचमाला, मालकंस असेल तर मध्यमाला, मारवा-पूरियाला निषादाला. तार नेहमी खालून वर आणायची, चढली तर उतरवून परत आणायची. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा, घसरत असेल तर खडूची पूड लावा. या टप्प्यावर स्वर अगदी काटेकोर नको, जवळपास आला की थांबा, कारण पुढे तो हलणारच आहे.

इथून खरं काम सुरू होतं, दोऱ्याचं. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच, आणि याबद्दलच कोणी धड सांगत नाही, "दोरा सरकवा" म्हणतात आणि पुढे जातात.

दोरा साधा सुती घ्या, शिवणाच्या रिळाचा. पॉलिस्टरचा घेऊ नका, तो घोडीवर घसरतो आणि लावलेली जागा टिकत नाही. खर्जाला जरा जाड लागतो, नसेल तर दोन पदर घ्या. बोटभर तुकडा तार आणि घोडीच्या मधे घाला, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी धरता येतील असा. एका वेळी एकच तार. चारही तारांखाली दोरे घालून मग बघू, असं करू नका, कोणती तार बोलतेय आणि कोणती नाही हे कळणारच नाही.

आता कोणाला तरी ती तार सावकाश छेडत राहायला सांगा, एकटे असाल तर स्वतःच छेडा आणि दुसऱ्या हातानं दोरा केसभर सरकवा. केसभर म्हणजे केसभरच, दिसलं की सरकला तर जास्त झालं. आधी आवाज बसका येईल, टक् असा, लगेच मरणारा. मग एका जागी नुसती चरचर येते आणि बहुतेक लोक इथेच खूश होऊन थांबतात. थांबू नका! चरचर म्हणजे जवारी नाही. अजून जरासं सरकवा, चरचर आत विरघळते आणि आवाज गोल होऊन लांबपर्यंत फिरायला लागतो, जोडीच्या तारेतून वरचे स्वर एकेक करून उमलताना ऐकू येतात, खर्जातून तर स्पष्ट गांधार येतो, कोणी तो लावलेला नसतो तरी. तो गांधार ऐकू आला की दोरा सोडून द्या, हात लावू नका. त्याच्या पुढे गेलात तर आवाज परत पातळ, नाकातला होतो, मग मागे या.

हे सगळं करताना पंखा बंद. मे महिन्यात नागपुरात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते मला सांगू नका, पण पंख्याच्या आवाजात गांधार ऐकू येणार नाही.

दोरा लागला की स्वर थोडा हललेला असतो, तो मण्यानं सुधारा. मणी घोडीपासून लांब सरकवला की चढतो, जवळ आणला की उतरतो. जोडीच्या दोन तारा एकत्र छेडल्यावर आवाज हेलकावे खात असेल तर त्या अजून मिळालेल्या नाहीत, हेलकावा पूर्ण जाईपर्यंत करा. इथे ॲपकडे बघू नका, काटा नाचतच राहतो, कानच खरा.

एवढं करूनही एखादी तार बोलत नसेल तर घोडीवर तारेनं खाच पाडलेली असणार. मग कारागिराकडून जवारी नव्यानं करून घ्या. घरी पॉलिश पेपर घासणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू बाप्पा, एकदा उतार गेला की घोडी गेली.

छेडणं सोपं आहे: पहिली तार मधल्या बोटानं, बाकी तीन तर्जनीनं, नखानं नाही, बोटाच्या मऊ भागानं, सारख्या लयीत, तबल्याच्या मागे न धावता.

आता कूलर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, बाहेर हवा कोरडी ठक्क आणि खोलीत कूलरची दमट, लाकूड, भोपळा आणि दोरा तिघंही ती ओल ओढून घेतात. सकाळी लावलेला तंबोरा संध्याकाळी उतरलेला मिळतो आणि खुंट्या फुगून अडकतात. त्यामुळे तंबोरा कूलरच्या झोतात कधीच ठेवायचा नाही, आणि जिथे गायचं त्याच खोलीत अर्धा तास आधी गवसणीतून काढून ठेवायचा, मगच लावायचा. कार्यक्रमाला एसी हॉल असेल तर तिथेही हेच, घरून लावून नेलेला काही उपयोगाचा नाही. मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आणणार असाल तर तारा थोड्या उतरवून आणा, पण घोडी जागची हलेल इतक्या सैल नको, आणि घरी आल्यावर एक दिवस तसाच राहू द्या, लगेच पट्टीत चढवू नका.