काळ्या मातीवरचे लॉन सपाट करताना

कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या काळ्या जमिनीवर केलेले लॉन दोन-तीन वर्षांत खाली-वर होते, त्यात माळ्याचा दोष क्वचितच असतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यातच खाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असेल, नळासाठी चर खणलेला असेल किंवा घुशीने बीळ केले असेल, तर तिथे खड्डा ठरलेलाच. म्हणून माती आणण्याआधी जमीन का खचली, ते पाहावे. आमच्या फाटकाजवळचा खड्डा मी सलग दोन वर्षे भरला. तिसऱ्या वर्षी पहार मारली, तर ती हातभर सरळ आत गेली. घुशीचे बीळ विटांचे तुकडे आणि मुरूम ठासून बुजवल्यावरच तो खड्डा पुन्हा पडला नाही.

वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हरळी वाढीला लागली, की काम सुरू करावे. जुलैच्या झडीत नवी माती वाहून जाते; त्यामुळे मे महिना हुकला, तर सरळ ऑक्टोबरची वाट पाहावी.

प्रथम गवत अगदी बारीक कापून कापलेला पाला दाताळ्याने ओढून काढावा. मग खुंट्यांना दोरी ताणून, पाणसळ लावून, कुठे किती भर हवी ते मोजावे. इथे सपाट म्हणजे पाण्याच्या पातळीत नव्हे: भिंतीपासून बाहेर दर दहा फुटांना एक ते दोन इंच उतार ठेवलाच पाहिजे, नाहीतर पावसाचे पाणी जोत्याशी साचते.

भरीसाठी मी दोन भाग तांबडी माती, दोन भाग नदीची वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घेतो, आणि सगळे कोरडे असतानाच चाळून घेतो. शेणखत कच्चे असेल, तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळे कुरतडणारी अळी, येते. उसाच्या या मुलखात तिची ओळख करून द्यायला नको. पाचशे चौरस फुटांवर अर्धा इंच थर द्यायचा, तर साधारण २१ घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडे कमी मिश्रण लागते.

हे मिश्रण घमेल्याने छोट्या ढिगांत टाकून गवंडी प्लॅस्टरला वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने आधी उभे, मग आडवे ओढावे. खोलगट जागा आपोआप भरतात आणि उंचवट्यावरची माती पुढे सरकते. नंतर खराटा हलक्या हाताने फिरवला, की दबलेली पाती वर येतात. थर एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड नसावा आणि गवताचे शेंडे मातीवर दिसत राहावेत. घाईने तीन इंच माती एकदम ओतली, की खालचे गवत पिवळे पडून कुजते. पुढचा थर तीन-चार आठवड्यांनी, गवत त्यातून नीट वर आल्यावरच द्यावा.

खड्डा दोन इंचांहून खोल असेल, तर मात्र वरून भरत बसू नये. गवतावर अधिकच्या चिन्हासारखे दोन काप घ्यावेत, चारही कोपरे मुळांखालच्या दीड-दोन इंच मातीसकट फावड्याने सोडवून चपातीसारखे उलटावेत, खाली माती भरून पायाने दाबावी आणि कोपरे पुन्हा बसवून पाणी द्यावे. उंचवटाही असाच उघडून, खालची माती काढून सपाट करता येतो.

अनेकांचा पहिला विचार भाड्याच्या रोलरचा असतो. रोलरने उंचवटे जात नाहीत; ओल्या काळ्या मातीवर तो फिरवला, तर जमीन दगडासारखी घट्ट होऊन पाणी मुरायचे थांबते. भरलेली माती बसवायला झारीचे बारीक पाणी पुरते.

उरलेले मिश्रण पोत्यात कोरडे ठेवावे. पहिल्या मोठ्या पावसात जिथे पाणी थांबेल, तिथे भिजत का होईना, लगेच खुंटी रोवून यावी, कारण पाणी आटल्यावर ती जागा ओळखू येत नाही.