डीजीपीच्या नेमणुकीला हरकत घ्यायचीय? मग दार आणि वेळ बघून घ्या

अमेरिकेत ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथला सर्वात वरचा कायदा अधिकारी व्हायचं तर सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची मंजुरी लागते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या पदासाठी ट्रम्प यांनी सुचवलेल्या मॅट गेट्झ यांच्या नावाला त्यांच्याच पक्षातल्या काही सिनेटरनी नाकं मुरडली आणि आठ दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं. तेव्हा आमच्या देवगडच्या ग्रुपवर पोरं विचारत होती, आपल्याकडे असं का होत नाही? कारण आपल्याकडे डीजीपीच्या, म्हणजे राज्याच्या पोलीस महासंचालकाच्या नावावर विधानसभेत मतदानच नसतं. पण हरकत घेता येते, आणि घ्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

आधी नियम बघा. प्रकाश सिंग खटल्यात २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यूपीएससी तीन नावं काढणार, सरकार त्यातलं एक निवडणार, आणि त्याला किमान दोन वर्षं द्यायची. २०१८ ला सांगितलं की आधीचा निवृत्त व्हायच्या तीन महिने आधी नावं पाठवा, आणि प्रभारी, म्हणजे तात्पुरता डीजीपी नेमायचाच नाही. हा प्रभारी शब्द डोक्यात ठेवा. संजय पांडे २०२१ पासून महाराष्ट्राचे डीजीपी म्हणून नुसत्या अतिरिक्त कार्यभारावर होते, यूपीएससीच्या तीन नावांत ते नव्हते, हायकोर्टात याचिका झाली, कोर्टाने सरकारला झापलं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रजनीश सेठ आले. नियमावर बोट ठेवलं ना, की सरकार कोणाचंही असो, उत्तर द्यावंच लागतं.

दुसरं दार निवडणूक आयोगाचं. रश्मी शुक्ला २०२४ च्या जानेवारीत डीजीपी झाल्या, त्यांच्यावरच्या फोन टॅपिंगच्या आरोपावरून काँग्रेसने आयोगाकडे तक्रार केली, ४ नोव्हेंबरला आयोगाने त्यांना बाजूला केलं, आणि निवडणूक झाल्यावर त्याच महिन्यात त्या परत आल्या. म्हणजे आचारसंहिता आहे तोवरच हे दार उघडं. आणि एक, त्यांच्यावरचे फोन टॅपिंगचे गुन्हे हायकोर्टाने २०२३ लाच रद्द केले होते. हरकत घेताना हेही लिहायचं, लपवायचं नाही. आपण कायद्यासाठी भांडतोय तर अर्धवट बोलून कसं चालेल?

आता निवेदन. आमचं पहिलं दीड पानांचं होतं, त्यात 'बगलबच्चा' तीन वेळा आणि तारीख एकही नाही. तहसीलमध्ये आवक टेबलवरच्या मॅडमनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "भाऊ, यात तुमची मागणी काय आहे?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या रात्री ओटीवर बसून सगळी विशेषणं खोडली. उरल्या चार ओळी: नेमणुकीचा आदेश कधीचा, कोर्टाचा कुठला निर्देश मोडला, त्याचा पुरावा काय, आणि आम्हाला नक्की काय हवंय. पक्षाचं नाव कुठेच नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांनी सह्या केल्या.

पुरावा नसेल तर आधी माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "यूपीएससीला प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला" एवढंच विचारा, का पाठवला नाही असं विचारू नका, तारीख हातात आली की उशीर झाला का ते आपोआप दिसतं. उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून डीजीपी निवृत्त व्हायची वाट बघत बसू नका, चार महिने आधीच लागा.

एक प्रत गृह विभागाला, एक आपल्या आमदाराला अधिवेशनाच्या आधी. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलवरून हलू नका.