पुण्यात पहिला फ्लॅट घेताय? साइट ऑफिसला जायच्या आधी हे करा

आम्ही दीड वर्ष टू बीएचके शोधत होतो, वाकडला अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहायचो, अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना घरमालक भाडं वाढवणार हे ठरलेलंच, आणि शनिवार उजाडला की आम्ही दोघं बाईकवरून कधी पुनावळे, कधी वाघोली. प्रत्येक साइटवर एकच वाक्य ऐकलं, "सर, सोमवारपासून रेट दोनशेने वाढतोय." आता भाव वाढतायत हे खरंय, नाही म्हणत नाही, पण त्या सोमवारला घाबरून रविवारी संध्याकाळी टोकन देऊन आलेले दोन-तीन जण माझ्याच ऑफिसात आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं काम घरी बसून करायचं, फ्लॅट बघायच्या आधी. तुमच्याकडे स्वतःचे पैसे किती आहेत? ईएमआयचा हिशोब सगळे करतात, स्वतःच्या पैशांचा कोणी करत नाही आणि गाडी तिथेच अडते. समजा अ‍ॅग्रीमेंटची किंमत 70 लाख. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 56 लाख, तुमचे 14. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. आता बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के म्हणजे साडेतीन लाख, स्टँप ड्युटी शहरात 7 टक्के म्हणजे 4 लाख 90 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार. हे झाले 8 लाख 70 हजार. यातली स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरतच नाही, आणि जीएसटीही खिशातूनच जाणार असं धरून चला. म्हणजे 22 लाख 70 हजार हातात हवेत, पार्किंग, मेंटेनन्सचं डिपॉझिट आणि किचनच्या ट्रॉल्या तर मी धरल्याच नाहीत. ईएमआय साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार बसतो, तो पगारात बसतोय का ते तुम्ही बघा.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी 1 टक्का कमी लागते, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती सवलत नाही. कर्ज कोणाच्या पगारावर बसणार ते बँकेला आधी विचारा, नंतर नावं बदलत बसू नका. आणि हो, 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या (म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) आत असेल तर जीएसटी फक्त 1 टक्का. त्या बजेटमध्ये धड जागी टू बीएचके मिळाला तर मलाही कळवा.

आता रेट. सेल्सवाला म्हणतो, "साडेदहाशे फुटांचा टू बीएचके, 6,700 चा रेट." ऐकायला स्वस्त. तुम्ही एवढंच विचारायचं की त्यातलं रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेलं, किती? आम्हाला एका ठिकाणी 65 चौरस मीटर सांगितलं, म्हणजे 700 फूट. 70 लाख भागिले 700, दहा हजार रुपये फूट झाला की हो! दोन साइटची तुलना करायची तर कार्पेटवरच करा, बाल्कनी त्यात धरलेली नसते ती वेगळी विचारा.

मग महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट उघडा. प्रोजेक्टचा नंबर जाहिरातीवर असतो, क्यूआर कोडही असतो. तिथे ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय आणि ती तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा, कोर्टात काही चालू आहे का बघा, आणि किती फ्लॅट बुक झालेत तेही दिसतं. आम्हाला "शेवटचे दोनच युनिट" म्हणून घाई करणाऱ्या साइटवर निम्म्याहून जास्त फ्लॅट शिल्लक होते, मोबाईल त्याच्यासमोर धरला तर म्हणाला, "सर, ते अपडेट व्हायचंय." व्हायचं असेल बुवा.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी, आणि याबद्दल ब्रोशरमध्ये अवाक्षर नसतं. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली, इमारती भराभर उभ्या राहिल्या आणि पाइपलाइन मागेच राहिली. म्हणून साइट बघायला दुपारी एसी ऑफिसात जाऊ नका, मे महिन्यात सकाळी सहा-साडेसहाला त्याच रस्त्यावरच्या जुन्या सोसायटीच्या गेटवर जा, वॉचमनबरोबर चहा घ्या. आम्ही गेलो तेव्हा त्याच्याकडे टँकरची वही होती, गाडी नंबर, वेळ, सही. आदल्या दिवशीच्या पानावर चौदा नोंदी. चौदा! त्या टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात, म्हणजे तो तुमचा दुसरा ईएमआयच. त्या रस्त्यावरचा प्रोजेक्ट आम्ही तिथल्या तिथे सोडला, इमारत बाहेरून कितीही भारी दिसू दे.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या लॉटरीत मोठ्या खाजगी प्रोजेक्टमधली 20 टक्के राखीव कोट्यातली घरंही असतात, उत्पन्न बसत असेल तर अर्ज टाकून ठेवा. डोमिसाईल आणि उत्पन्नाचे कागद आत्ताच काढा, जाहिरात आल्यावर पळापळ होते.

पैसे देताना रोख अजिबात नको, चेक किंवा ट्रान्सफरच. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, मागितले तर कायदा दाखवा. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरच्या पैशातून कापायचा कर, तुम्हीच कापून सरकारकडे भरायचा.

आणि चावी घेताना भोगवटा पत्र, म्हणजे ओसी, इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हातात बघा. ओसीच्या आधीच "फिटआऊट पझेशन", म्हणजे आतलं फर्निचरचं काम करायला ताबा, म्हणून गोड बोलून चावी देतात, तुम्हालाही भाडं वाचवायचं असतं म्हणून तुम्ही घेता. माझा एक मित्र असाच गेल्या दिवाळीपासून राहतोय, मॉड्युलर किचन झालं, वास्तुशांत झाली, आणि लिफ्ट अजून बिल्डरच्या जनरेटरवर चालते, रात्री दहाला बंद.