नव्या बॅटरीची बातमी वाचली, आता थांबायचं की घ्यायची?

इंदुरात रामबागेत आमचं बॅटरीचं दुकान आहे, बाबांच्या वेळचं. मागच्या आठवड्यात एक काकू मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "अगं, पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी येतेय म्हणे. मग स्कूटरची आत्ता बदलू की थांबू?" त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी बातमीत सेल केवढा आहे ते शोधा. प्रयोगशाळेत बहुतेकदा कॉइन सेल असतो, कोटाच्या बटणाएवढा. स्कूटरच्या पॅकमध्ये मोठे सेल ओळीने जोडलेले असतात आणि ते सगळे सारखे निघावे लागतात. परवाच एक लोह-फॉस्फेटचा (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) पॅक उघडला. सोळापैकी पंधरा सेल ३.३ व्होल्ट दाखवत होते, एकच २.५ वर. त्या एकापायी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, अख्खी गाडी बंद पाडत होतं. लाखो सेल एकसारखे काढायला शिकण्यातच कारखान्यांची वर्षं जातात.

मग टक्के बघा. '९९.९ टक्के कार्यक्षमता' वाचून हुरळून जाऊ नका, कॅल्क्युलेटर घ्या. दर चार्जला लिथियमचा हजारावा भाग वाया गेला, तर ५०० चार्जनंतर जेमतेम ६१ टक्के उरतं. ९९.९९ असेल तर ९५. शेवटच्या त्या एका ९ साठी केवढी मेहनत लागते! शिवाय प्रयोगात बरेचदा लिथियम मुद्दाम जास्तीचं घातलेलं असतं, त्यामुळे ही गळती दिसतच नाही.

चाचणी किती तापमानाला केली, तेही वाचा. २५ अंशांवरचे आकडे आपल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीला लागू पडत नाहीत.

आज मोबाइलमध्ये असते त्या लिथियम-आयन बॅटरीलाही वेळ लागलाच. शास्त्रज्ञ गुडइनफ यांचा कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीची धन बाजू) १९८० चा, योशिनो या शास्त्रज्ञांचा बॅटरीचा नमुना १९८५ चा, आणि सोनीने ती बाजारात आणली १९९१ मध्ये. लोह-फॉस्फेट १९९७ साली मांडलं गेलं, आमच्या दुकानात ते रुळलं अलीकडे.

तेव्हा जुनी बॅटरी रोजची धाव आरामात काढत असेल, तर खुशाल थांबा. काकूंची गाडी मात्र एका चार्जमध्ये ६० किलोमीटरवरून २५ वर आली होती. नवी घेताना वॉरंटी लेखी मागा: किती वर्षं, किती किलोमीटर, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळणार. काकूंनी तिन्ही आकडे बिलावरच लिहून घेतले आणि शनिवारी आम्ही पॅक बसवला.