मेयोनीजवाला याकिसोबा: आधी पाणी काढायला शिका

इन्स्टंट नूडल्सवर मेयोनीज म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. मग कुणीतरी उकळत्या सूपवाल्या नूडल्समध्ये चमचाभर मेयोनीज ढकलतो, वर तेलाचा तवंग येतो आणि ‘बघ, सांगितलं होतं ना’ सुरू होतं. अहो, कढी फुटते तसंच आहे हे. मेयोनीज म्हणजे अंड्यातल्या बलकाने धरून ठेवलेलं तेल. नुसतं उकळत्यात टाकलं तर ती पकड सुटणारच.

याकिसोबा म्हणजे सॉसमध्ये घोळवलेल्या, सूप नसलेल्या जपानी नूडल्स, म्हणून इन्स्टंट डब्यातलं पाणी आधी काढून टाकायचं. टोकियोत राहायला आल्यापासून मी जो डबा घेते तो म्योजो कंपनीचा ‘इप्पेई-चान योमिसे नो याकिसोबा’. १९९५ पासून मिळतो, सोबत मोहरी घातलेल्या मेयोनीजची पुडी असते. योमिसे म्हणजे जत्रेतला रात्रीचा गाडा. (सोबा म्हणजे एरवी कुट्टूच्या नूडल्स, पण नावात सोबा असला तरी या गव्हाच्याच.) शाकाहारी असाल तर घेण्याआधी पाकिटावरची यादी वाचून घ्या, अशा सॉसमध्ये मांसाचा अर्क बऱ्याचदा असतो.

झाकण खुणेपर्यंत उघडा, पुड्या बाहेर काढा, आतल्या रेघेपर्यंत उकळतं पाणी, ३ मिनिटं. मेयोनीजची पुडी गरम झाकणावर ठेवू नका.

आता पाणी काढणं. इथे मी पहिले चार-पाच डबे वाया घालवले. एकदा तर झाकण निसटून सगळ्या नूडल्स सिंकमध्ये, जाळीवर. तेव्हा झाकणाच्या दुसऱ्या बाजूला पाणी काढायच्या भोकांवर असलेली पट्टी सोला, पण आधी उघडलेला भाग नीट दाबून बंद करा आणि डबा दोन्ही हातांनी, फडक्यात धरा. सिंकमध्ये गार पाण्याचा नळ सोडून ठेवा. स्टीलच्या सिंकवर गरम पाणी पडलं की तळ एकदम ‘बोकोन्’ असा वाजतो. पहिल्यांदा ऐकून माझा हात सुटला होता.

धार थांबली म्हणजे पाणी संपलं असं समजू नका. अर्धं मिनिट डबा तिरका धरा, दोन हलके झटके द्या, पुन्हा तिरका. शेवटचे दोन-तीन चमचे नूडल्सच्या गठ्ठ्यात अडकलेले असतात आणि चव तेच घालवतात. ‘थोडं पाणी राहू द्या, सॉस छान पसरतो’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी खाऊन बघावं. सॉस पातळ होतो, मेयोनीज त्यात विरघळून ताकासारखं पांढुरकं होतं आणि प्रत्येक घास पचपचीत.

मग सॉस घालून तळापासून ढवळा, सगळ्या नूडल्स तपकिरी होईपर्यंत. मेयोनीज त्यानंतरच. पुडी चेपली की बारीक भोकांतून सुतासारख्या धारा येतात. डब्यावर आडव्या-उभ्या फिरवा. आणि ढवळू नका! एका घासात नुसता आंबटगोड सॉस, पुढच्यात गार, मोहरीने नाकात जाणारं मेयोनीज, हीच तर गंमत आहे. वर समुद्री शेवाळाचा चुरा भुरभुरवा.

दुसऱ्या कोरड्या नूडल्सवर बाटलीतलं मेयोनीज घालणार असाल तर जपानी क्युपी ब्रँडचं बघा. त्यात अख्ख्या अंड्याऐवजी फक्त बलक असतो, त्यामुळे दाट लागतं. आपल्याकडचं अंड्याशिवायचं गोडसर मेयोनीज चालतं, पण मग चिमूटभर मोहरीची पूड आणि लिंबाचे चार थेंब हवेतच.

उरलं तर गारच खा. परत गरम केलंत की पुन्हा तोच तवंग.